मेलेली माणसं कुठल्या भाषेत बोलतात

डब्लिनच्या कडेचं, क्लोनडॉकिनचं ते घर मला आधी आवाजांनी आठवतं आणि मग वासांनी. जिना चढून गेलं की डाव्या हाताला एक कपाट होतं, त्यात गरम पाण्याची टाकी. सकाळी ती तापायला लागली की तिच्या पोटातून गुरगुर ऐकू यायची, एखाद्या म्हाताऱ्या माणसाने झोपेत कूस बदलावी तशी. कपाटाला तिथे प्रेस म्हणतात आणि त्या गरम कपाटाला हॉट प्रेस. माझे मोजे, शाळेचा जाड स्वेटर, आईच्या सुती साड्या असं सगळं त्या उबेला वाळत पडलेलं असायचं. स्वयंपाकघरात हिंगाचा वास, कारण आई सगळ्यात हिंग घालायची; आणि शेजारच्या भिंतीतून ब्रीडाच्या सोडा-ब्रेडचा वास. तुरीची डाळ तेव्हा मिळायची नाही. दुकानात वाटाण्याची पिवळी डाळ असे, तिचंच आई वरण करायची. ते घट्ट व्हायचं आणि गार झालं की त्याची वडी पडायची. आज त्याच गावात तीन-चार दुकानांत तूरडाळ, कढीपत्ता, चितळ्यांसारखी बाकरवडीसुद्धा मिळते, गणपतीला ढोल वाजतात आणि नवीन आलेल्या मुली मला विचारतात, "काकू, तेव्हा तुम्ही राहायचात कसे?" मी म्हणते, "राहत होतो." त्यापलीकडचं त्यांना काय सांगायचं ते कळत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आई पुण्याला कॉलेजात इतिहास शिकवायची. डब्लिनला ती पीएच.डी. करायला आली आणि मला बरोबर घेऊन आली. तिचा विषय होता एकोणिसाव्या शतकातली हिंदुस्थानातली वर्तमानपत्रं आणि त्यांत मृतात्म्यांना बोलावणाऱ्यांचा आणि काहीच न मानणाऱ्यांचा चाललेला वाद. आमच्या शेजारणीला, ब्रीडाला, आईने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तिथे होते. ब्रीडा साठीची, विधवा, उंच आणि हाडापेराने मजबूत. आई इंग्रजीत म्हणाली, "मी एकोणिसाव्या शतकातल्या प्रेसवर काम करते." ब्रीडा गंभीरपणे म्हणाली, "जुनी कपाटं म्हणजे भारीच गं. माझ्या आईकडे एक होतं, अख्खं ओकच्या लाकडाचं." आईला हसू आवरेना. मला वाटतं, बाबा गेल्यानंतर ती मोठ्याने हसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी ती बसने यायची, डोळे लाल झालेले, कारण दिवसभर मायक्रोफिल्मच्या यंत्रात डोकं घालून बसलेली असे. कोट काढायच्या आधीच तिचं सुरू व्हायचं. "अगं, आज 'एक संशयी' इतका भडकलाय!" 'एक संशयी' हे मुंबईच्या एका वर्तमानपत्रात पत्रं लिहिणाऱ्या कुणाचं तरी टोपणनाव. खरं नाव आईला शेवटपर्यंत सापडलं नाही. त्याच्याविरुद्ध लिहिणारे गृहस्थ वकील होते, त्यांच्या घरी दर शनिवारी टेबलाभोवती मंडळी जमायची आणि आत्मे यायचे. आई भात कालवता कालवता दोघांचे आवाज काढायची. वकिलांचा सौम्य आणि नाकातला, संशयीचा तिखट. डब्लिनची वर्तमानपत्रं बोटीने मुंबईला जायची, मुंबईची इकडे यायची, आणि इथली भांडणं तिथे आणि तिथली इथे छापली जायची. मला वाटायचं, ही सगळी माणसं आमच्याच गल्लीत राहतात आणि आईला रोज बस स्टॉपवर भेटतात.

एका वादाची मला फार मजा वाटली होती. वकिलांकडे त्यांचे कोकणातले काका आले होते, म्हणजे त्यांचा आत्मा, आणि त्यांनी इंग्रजीत उत्तरं दिली होती. त्यावर संशयीने विचारलं होतं की ज्या गृहस्थांनी हयातीत इंग्रजीचं एक अक्षर गिरवलं नाही ते मेल्यावर कुठल्या शाळेत गेले? मी हसून लोटपोट झाले. आई मात्र हसता हसता थांबली. म्हणाली, "हसू नये तसं. दोघांच्याही घरात मुलं गेली होती गं. त्या काळात कुणाच्या घरात गेली नव्हती? एक म्हणाला, ती आहेत कुठेतरी. दुसरा म्हणाला, नाहीत, आणि नाहीत हे मला सहन करता आलं पाहिजे. जातीने वाळीत टाकलं, सासऱ्याने आपली मुलगी माहेरी नेली, तरी हा आपलं नाहीत म्हणतोच आहे." मग ताटाकडे बघत म्हणाली, "मला दुसऱ्याचं पटतं." आणि विषय संपला.

विषय तिथेच संपायचा, नेहमी. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांबद्दल आई तासन्‌तास बोलायची, पण बाबांबद्दल एक शब्द नाही. बाबा अमरावतीकडचे, गुरांचे डॉक्टर. खेड्याकडे जाताना जीपमध्येच त्यांचं हृदय बंद पडलं. आईची शिष्यवृत्ती तेव्हा मंजूर झालेली होती. ठरलं असं होतं की ती एकटी जाईल आणि बाबा मला सांभाळतील. ते गेल्यावर आई येणार नाही असंच सगळ्यांना वाटलं. ती आली. घरात त्यांचा फोटो लावला नाही. नातेवाइकांचे फोन आले की ती खुशाली सांगायची, हवा सांगायची, आणि बाबांचा विषय निघाला की म्हणायची, "ठेवते हं, लाइन खराब आहे."

मला बाबांचा चेहरा आठवायचा, त्यांच्या हाताला येणारा औषधाचा कडवट वास आठवायचा. पण त्या हिवाळ्यात एके दिवशी शाळेतून परत येताना माझ्या लक्षात आलं की मला त्यांचा आवाज आठवत नाही. ते वऱ्हाडी बोलायचे. 'मले', 'तुले', 'काहून'. हे शब्द मी मनात म्हणून पाहिले, पण ते माझ्याच आवाजात ऐकू आले. मी कालव्याच्या काठाने चालत होते, बदकं होती, आणि मी मोठ्याने म्हणून पाहिलं, "काहून वं?" समोरून येणारा माणूस दचकून "हाऊया", म्हणजे 'कसं काय', म्हणाला आणि पुढे गेला. घरी आले तर टाकी गुरगुरत होती आणि आई अजून यायची होती. ती पोकळी मला अजून अंगात जाणवते. आता मी त्या वेळच्या आईपेक्षा कितीतरी मोठी आहे, तीही जाऊन काही वर्षं झाली, तरी ती संध्याकाळ आठवली की मी पुन्हा तेवढीच होते.

शाळेनंतर आई येईपर्यंत मी ब्रीडाकडे बसायची. ती गरम ब्रेडवर लोण्याचा जाड थर लावून द्यायची आणि मला लाडाने 'पेट' म्हणायची. रविवारी ती चर्चला जायची, आणि महिन्यातून एका रविवारी, चर्चनंतर जेवून, टॅला या पलीकडच्या उपनगरात मिस टियर्नी नावाच्या बाईंकडे. तिथे तिचा नवरा मिक तिला भेटायचा. मिक बस चालवायचा, तो गेल्याला बरीच वर्षं झाली होती. "फादरच्या कानावर जाऊ देऊ नकोस हं," ती म्हणाली. "त्याला वाटेल मी दोन दुकानांत खातं ठेवलंय."

मी विचारलं, "तो काय बोलतो?"

"काही विशेष नाही. बॉयलर बघून घे म्हणतो. हयात होता तेव्हाही तेच म्हणायचा."

"मला नेशील?"

ब्रीडाने सुरी खाली ठेवली. "तुझी आई 'हो' म्हणाली तर. ती नाही म्हणाली तर मी दार उघडणार नाही, पेट, कितीही रडलीस तरी."

म्हणून मी आईला विचारलं. ती भांडी घासत होती. मी सरळ म्हटलं, "ब्रीडा टॅलाला जाते तिथे मला जायचंय. मला बाबांचा आवाज आठवत नाही." नळ चालू होता. आईने तो बंद केला नाही, मागेही वळली नाही. सगळी भांडी झाली, ओटा पुसून झाला, फडकं पिळून वाळत टाकून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वेणी घालताना म्हणाली, "मीही येते. इतकी वर्षं या बैठकांवर वाचतेय, एक तरी डोळ्यांनी पाहायला हवी." आवाज अगदी कोरडा, कॉलेजातला. पण वेणी तिने इतकी घट्ट घातली की दिवसभर माझं डोकं ठणकत होतं.

मिस टियर्नींचं घर मला भुताटकीचं वाटलं नाही, त्यामुळे मी थोडी खट्टू झाले. बाहेरच्या खोलीत ऊब देणारी गॅसची शेगडी, तिच्यावरच्या फळीवर चिनीमातीचे दोन कुत्रे, सोफ्याच्या हातांवर क्रोशाचे रुमाल. पडदे अर्धेच ओढलेले. पलीकडच्या घरात रेडिओवर मॅच चालू होती, भिंतीतून निवेदकाचा आवाज येत होता, मध्येच आरडाओरडा. मिस टियर्नी बुटक्या, गुबगुबीत, निवृत्त शिंपीण; चष्मा साखळीला बांधलेला. आणि आमच्याखेरीज एकच माणूस होता, टॉम नावाचा, निवृत्त पोस्टमन, खूप म्हातारा. आईने कांजीवरम नेसली होती. मला कळेना, संशोधनाला जाताना कांजीवरम कशाला? आम्ही गोल बसलो, हात धरले. आईचा हात गार होता.

ब्रीडाचा मिक आला आणि बॉयलरविषयी बोलून गेला. मग मिस टियर्नी डोळे मिटून आईकडे वळल्या. "एक गृहस्थ आलेत. उंच आहेत. छातीवर हात ठेवलाय."

बाबा बुटके होते. पण छातीचं खरं होतं. ब्रीडाने सांगितलं असेल, हे मला तेव्हाही समजत होतं, तरी मी आईचा हात आवळला.

आई इंग्रजीत म्हणाली, "ते तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलतात?"

"इंग्रजीत, लव्ह. पलीकडे सगळे इंग्रजीच बोलतात माझ्याशी."

आईच्या ओठाच्या कोपऱ्यात 'एक संशयी' हलला. मला वाटलं, आता ही बाईंच्या पार चिंध्या करणार. ती खुर्चीत ताठ बसली आणि मराठीत, स्पष्ट, वर्गात प्रश्न विचारावा तसं म्हणाली, "आज जेवायला काय करू?"

पुण्याच्या घरी रोज सकाळी ती हेच विचारायची. आणि बाबा रोज काहीतरी अशक्य सांगायचे.

मिस टियर्नींनी बराच वेळ डोळे मिटून ठेवले. शेगडी फुसफुसत होती. अखेर त्या म्हणाल्या, "ते म्हणतात, त्यांचं तुमच्यावर प्रेम आहे."

"ग्रँड," आई म्हणाली, तिथे 'ठीक आहे' म्हणतात तसं. एवढंच. संशयी जिंकला होता. आता ती उठेल, कोट घालेल, आपण घरी जाऊ, आणि बाबांचा आवाज कायमचा गेला. मी माझा हात सोडवून घ्यायला लागले. पण आईने तो सोडला नाही. ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. ती खुर्ची कुणासाठी ठेवलेली नव्हती, तिच्यावर ब्रीडाची पर्स होती.

"अरे," आई म्हणाली. "ऐक ना."

मी थिजले. आई बाबांना 'अहो' म्हणायची. माझ्यासमोर, आजीसमोर, पाहुण्यांसमोर, नेहमी 'अहो'. त्यांच्यात 'अरे' आहे हे मला माहीतच नव्हतं. दार लोटल्यावर, मी झोपल्यावर, ती त्यांना अशी हाक मारत असणार. माझ्या आईवडलांचं एक अख्खं घर होतं, ज्यात मी कधी गेले नव्हते, आणि टॅलाच्या एका परक्या खोलीत त्याचं दार किलकिलं झालं.

"तू नाहीस हे मला माहितीये," ती म्हणाली. "उत्तर नकोय मला. पण या देशात तुझ्याशी बोलायला एक जागा नाही रे मला. लायब्ररीत बोलता येत नाही. घरात ही असते. ही बघत असते माझ्याकडे सारखी, मी मोडते का म्हणून. म्हणून मी रडले नाही. तुझं नाव तोंडातून निघालं की संपलं, असं वाटायचं, म्हणून नाव घेतलं नाही. आणि आता हिला तुझा आवाज आठवत नाही. हे तू मला करायला लावलंस. तू म्हणाला होतास, जा, मी पाहतो पोरीकडे. आणि स्वतःच निघून गेलास. मला राग आहे तुझा. कुणाला सांगू? सगळे म्हणतात, किती धीराची. मला नाही व्हायचं धीराची. थंडी किती आहे इथे. माझे पाय गार पडतात रे रात्रीचे, तू लगेच ओरडायचास, बर्फ लावते म्हणून…"

ती बोलतच राहिली. मी सगळं इथे लिहिणार नाही. काही त्यांचं आहे, माझं नाही. ती रडत होती, नाक पुसत होती, एकदा हसलीसुद्धा. खोलीत माझ्याखेरीज कुणालाही एक शब्द कळत नव्हता, आणि कुणीही हललं नाही. पलीकडच्या घरात कुणीतरी गोल केला, आरोळी उठली, ती विरली. ब्रीडाने हळूच पुढे वाकून खुर्चीवरची आपली पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.

आई थांबल्यावर मिस टियर्नींनी चष्मा काढून पुसला. त्या फार प्रामाणिक बाई होत्या. म्हणाल्या, "मला यातलं काहीच मिळालं नाही, लव्ह. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "थँक यू."

मग चहा झाला, कारण तिथे काहीही झालं की चहा होतोच. आमच्यासाठी वेगळी टोमॅटोची सँडविचेस केली होती. म्हातारा टॉम माझ्याशेजारी बसला होता. बशीत कप ठेवून तो आईला म्हणाला, "माझी आई पश्चिमेकडच्या मेयोची. वडील गेले तेव्हा ती थडग्यापाशी अशीच बोलत होती. आयरिशमध्ये. आम्ही पाच भावंडं उभी होतो, आणि आम्हाला आयरिश येत नव्हतं. तिनेच शिकवलं नव्हतं, पोरांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून." त्याने बशी खाली ठेवली. "ती काय म्हणत होती, हा प्रश्न मी अजून धरून बसलोय. इथे दर महिन्याला येतो ते त्यासाठीच. ती येते कधीकधी. पण इंग्रजीच बोलते."

आईने त्याच्या हातावर हात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. "तुला कळलं ना सगळं?" तिने मला मराठीत विचारलं.

"हो."

"सगळं?"

"सगळं."

माझा मुलगा मराठी समजतो पण उत्तर डब्लिनच्या इंग्रजीत देतो. आजूबाजूच्या घरांत सगळीकडे तसंच आहे आणि मी त्याच्यावर कधी रागावत नाही. पण कधीकधी तो समोर बसून फोनवर हसत असतो आणि मला टॉम आठवतो, आणि मी उगाचच त्याच्याशी मराठीत काहीतरी बोलत राहते. भाजी महाग झाली, वारा सुटलाय, असलंच काहीतरी.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसलो. ब्रीडा खालीच राहिली. म्हणाली, गुडघे दुखतात. मला वाटतं, दुखत नव्हते. काचेवर पावसाची बुरबुर होती, मावळतीचा उजेड होता, आणि आई न विचारता सांगायला लागली. ती आणि बाबा पहिल्यांदा भेटले ते पुण्याला, एका मैत्रिणीच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत. आई कुणाशी तरी तावातावाने वाद घालत होती, देव नाहीच म्हणून. समोरच्या पानावर एक बुटका माणूस मन लावून जिलबी खात होता. आईने त्याला मध्येच विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

"मग?" मी विचारलं.

आईने मान थोडी तिरकी केली, हनुवटी खाली घेतली आणि आवाज कुठून तरी घशाच्या तळातून काढला, जाड, संथ, शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारा. "मले काय पुसता बाई? मी गायीम्हशीचा डॉक्टर. त्यायनं अजून काई सांगतलं नाही मले."

ते बाबा होते. आईच्या तोंडून, पण बाबाच. जिलबीसकट. ती नक्कल नव्हती. इतकी वर्षं एका माणसाशेजारी राहिल्यावर त्याचा आवाज आपल्या घशात कुठे साठून राहतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी पुढची दांडी घट्ट धरली.

"पुन्हा म्हण," मी म्हटलं.

तिने पुन्हा म्हटलं. आमचा स्टॉप गेला. खालून ब्रीडाने हाक मारली, मग बहुधा एकटीच उतरली. आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, वर येऊन आमच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता परत खाली जाऊन पेपर उघडून बसला. आई बोलत होती, कधी आपल्या आवाजात, कधी त्यांच्या, आणि मी तिला थांबू देत नव्हते.